दोन्ही लेन वापरा

सप्टेंबरमधल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सात ते नऊ या दोन तासांत, पुलाखालून दोन हजार आठशे एकेचाळीस वाहनं गेली. उजव्या लेनमधून दोन हजार तीनशे अठ्ठावन्न, डाव्या लेनमधून चारशे त्र्याऐंशी. त्यांत ट्रक तीनशे शहाण्णव, मोटरसायकली सात आणि घोड्याची ट्रॉली ओढणारी जीप एक. पुलावर मी एकटी, एक कॅमेरा, बटण दाबून मोजायची दोन यंत्रं, अर्धा लिटर कॉफीचा थर्मास, आणि कठड्याच्या वरच्या पट्टीवर येणाऱ्याजाणाऱ्यांनी चिकटवलेले च्युइंगमचे अकरा गोळे. दहा वाळून दगड झाले होते. अकरावा ताजा होता, हे माझी बाही त्याला चिकटली तेव्हा कळलं. बाही ओढली तशी तार निघाली. ती मी नखाने तोडली आणि नंतर दोन तास ते बोट इतर बोटांपासून लांब धरून मोजत राहिले.

हा पूल म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटेचा. वरून ट्रॅक्टर जातात, खालून महामार्ग. पुढे तीनशे वीस मीटरवर डावी लेन संपते, कारण ऱ्हाइनवरचा मोठा पूल अर्धा बंद करून दुरुस्त करताहेत. दोन किलोमीटर आधीपासून फलक लावलेले आहेत: दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरा. मग जिथे लेन संपते तिथे, जॅकेटची चेन लावताना दाते बसतात तसं, एक इकडचा, एक तिकडचा. हा कायदा आहे. वाहन परवान्याच्या परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाने त्याचं बरोबर उत्तर दिलेलं आहे. प्रत्यक्षात सहांतला एक जण तसं वागतो. बाकीचे पाच पहिला फलक दिसताच उजवीकडे सरकतात आणि दोन किलोमीटर रांगेत उभे राहतात, चेहऱ्यावर चर्चमधल्या बाकावर बसल्यासारखा भाव घेऊन. त्याने मोठ्या पुलावरून तासाला जाणाऱ्या गाड्या वाढत नाहीत, कमीही होत नाहीत. फक्त रांग दुप्पट लांब होते, तिचं शेपूट मागच्या फाट्याच्याही मागे जातं, आणि ज्यांना ऱ्हाइन ओलांडायचीच नाही तेही अडकतात. हे मी माझ्या प्रबंधात एकोणचाळीस पानांत सिद्ध केलं आहे. त्या पानांना सर्वाधिक गुण मिळाले. आमच्या घरात ते आजतागायत कुणालाही पटलेलं नाही.

सात अडतीसला डाव्या हातातलं यंत्र थांबलं. म्हणजे माझा अंगठा थांबला. मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली. डाव्या लेनमध्ये एकही गाडी नाही. मला आधी वाटलं मागे अपघात झाला. पण उजवी रांग नेहमीच्या चालीने सरकत होती. सात चव्वेचाळीसला वळणावरून ती गाडी दिसली, दोन लेनमधल्या तुटक पांढऱ्या रेषेवर बरोबर मध्ये, एक चाक इकडे, एक तिकडे. रांगेच्या वेगाने, माणूस चालतो त्याहून जरा जास्त. तिच्या मागे डाव्या लेनमध्ये गाड्या तुंबलेल्या. सगळ्यांत पुढे एक छोटी पांढरी गाडी, हॉर्न वाजवत. तो हॉर्न मला वरपर्यंत ऐकू येत होता. पुलाखालून पलीकडे गेल्यावर पांढऱ्या गाडीने डावीकडच्या लोखंडी कठड्याला लागून पुढे घुसायचा प्रयत्न केला. तिथे जागा होती. मग रेषेवरची गाडी शांतपणे डावीकडे कलली, एखाद्याने खांदा पुढे करावा तशी. ब्रेकचे लाल दिवे तीनदा लागले. टप, टप, टप. पांढऱ्या गाडीचा आरसा कठड्याला घासून दुमडला. खिडकी उघडली, एक हात बाहेर आला. ब्रेक असा तीनदा मारणारा माणूस मी एकच पाहिलेला आहे. छतावरच्या दांड्यांपैकी एकीच्या टोकाला टोपण नाही. तिथे लाल फडकं बांधलेलं आहे. ते मी बांधलं होतं, ईस्टरच्या सुट्टीत.

आमच्या कॅमेऱ्याचं भिंग मुद्दाम जरासं धूसर ठेवलेलं असतं. नंबरपाट्या वाचता येऊ नयेत, चेहरे ओळखू येऊ नयेत, असा नियम आहे, आणि सातव्या दिवशी दुपारी बारा वाजता मूळ चित्रण पुसायचं, फक्त आकडे ठेवायचे. त्यामुळे ती गाडी कुणाची हे जगात कुणालाही त्या चित्रणातून सांगता आलं नसतं. माझ्याशिवाय.

पपा निवृत्त होईपर्यंत वजनं-मापं तपासायचे. पेट्रोलपंप, सोनाराचे तराजू, बाजारातले काटे. त्यांच्या ब्रीफकेसमध्ये मखमलीच्या खाचांत पितळी वजनं असायची आणि त्यांना उघड्या बोटाने हात लावायचा नाही, कारण बोटाच्या तेलाचंही वजन होतं. मी सात वर्षांची असताना शनिवारी ते मला बाजारात न्यायचे. सुट्टी असायची, तरी ते चीजवाल्या बाईच्या काट्याशी थांबायचे, उगाच. एकदा बारा ग्रॅमचा फरक निघाला. बाई लालेलाल झाली, मला एक काप कापून पुढे केला, घे गं बाळे. पपांनी माझा हात हातानेच खाली केला. "हे त्या बारा ग्रॅममधलं आहे," ते म्हणाले. तो काप बाईच्या हातमोज्यावर तसाच राहिला, घाम आल्यासारखा चकचकीत. मला त्यांचा केवढा अभिमान वाटला होता! घरी जाताना गाडीत माझ्या मांडीवर वही असायची. रांग मोडून डावीकडून पुढे जाणाऱ्या गाड्यांचे नंबर मी लिहायचे. पपा आरशातून सांगायचे, निळी, मोठी, पाटी एसेन शहराची, लिही, आणि मी जीभ दातांत धरून लिहायचे. त्यांच्या लेखी तो काटा मारणंच होतं. दुसऱ्याच्या मापातून घेतलेलं. रविवारी ते त्यातले दोन-तीन नंबर निवडून पोलिसांना पत्रं टाईप करायचे. मला मोजायला तिथे शिकवलं गेलं. पुढे विद्यापीठात लोक म्हणायचे, टाबेआचं निरीक्षण किती स्वच्छ आहे. स्वच्छ. त्या शब्दाने मला आता त्या मखमलीचा वास येतो, जुन्या, कोंदट, हात न लावलेल्या मखमलीचा.

मी मंगळवारी कुणाला काही बोलले नाही. माणसं मूर्खपणा करतात, संपतो. रविवारी कॉफीला घरी गेले. आईने प्लमचा केक केला होता. सप्टेंबर असल्याने बागेत गांधीलमाश्या होत्या आणि त्यांतली एक फेटलेल्या क्रीमच्या वाडग्यात पडून हळूहळू पाय हलवत होती. पपांनी तिला सुरीच्या टोकाने उचललं, वाडग्याच्या काठाला पुसलं, आणि त्याच सुरीने आपल्या केकवर क्रीम घेतलं.

"मंगळवारी तुझ्या त्या फलकाखालून गेलो," ते म्हणाले. "तुझ्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं."

"माझा फलक नाही तो, पपा."

"दोन्ही लेन वापरा! वापरल्या मी. दोन्ही." आणि ते हसले. केकचा एक कण त्यांच्या खालच्या ओठावर हलत होता. "एकाच वेळी दोन्ही. कायद्याचं इतकं काटेकोर पालन कुणी केलं नसेल."

"एकहार्ट, खा आधी," आई म्हणाली.

"खातोय ना. ऐकू दे तिला, तिचाच विषय आहे. मागून एक बया आली. हॉर्न, दिवे, हॉर्न. वर मला बोट दाखवलं, मधलं. मी आपला माझ्या जागी. मग कठड्याच्या बाजूने घुसायला बघते! तुझी आई शेजारी बसलेली. तक्रार केली मी. सक्तीने वाट अडवणं, धोकादायक ओव्हरटेक, अपमान. तीन कलमं."

"वाट तिने अडवली?"

"मला माझ्या लेनमधून ढकलायला बघत होती."

"तुमच्या कुठल्या लेनमधून?"

त्यांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून बाजूला ठेवलं, केकमधली बी ठेवावी तसं. गाडीच्या दारावर कंपनीचा नंबर लिहिलेला होता, घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं बघणारी कंपनी. त्यांनी तिथे फोन केला होता. बाईंचं नाव इलोना व्रोबेल. "शिस्तीचं ऑफिस आहे," पपा म्हणाले. "त्यांनी लगेच तिला गाडीवरून उतरवलंय. निकाल लागेपर्यंत. आणि परवाना गेला की कायमचंच. परवान्याशिवाय कशी जाणार घरोघरी, सायकलवर?"

"तिचा शब्द आणि तुमचा शब्द आहे नुसता."

"माझा शब्द आणि तुझ्या आईची सही." त्यांनी रुमालाने तोंड टिपलं, एकेक कोपरा, आणि रुमालाची घडी मूळच्या घडीवर बसवली. "दोन विरुद्ध एक. तुम्ही शास्त्रज्ञ काय म्हणता त्याला?"

मी बशा उचलून आत गेले. आई मागून आली आणि नळ सोडून उभी राहिली, भांडी न घेता. पाणी नुसतं वाहत होतं. आमच्या घरात पाणी असं कधी वाहत नाही.

"आई, तू काय पाहिलंस?"

"मी? काही नाही."

"सही केलीस ना?"

"केली. त्याने पुढे ठेवलं, मी केली." तिने साबणाची बाटली हलवून पाहिली. "अगं, मी त्याच्या गाडीत डोळे मिटून बसते. चाळीस वर्षं झाली. सुरुवातीला तो विचारायचा, झोपलीस का. आता विचारत नाही."

"म्हणजे न बघता सही."

"हॉर्न ऐकला. ते लिहिलंय की त्यात." मग जरा वेळाने, जणू माझी समजूत घालत: "तू नव्हतीस मिटत. तू बघायचीस. लिहायचीस सगळं. किती गोड अक्षर होतं तुझं."

त्या रविवारी घरी परतताना माझ्या लक्षात आलं की मला त्या दोघांची नाही, माझीच किळस येत होती, आणि तीही नीट येत नव्हती. जीभ भाजल्यावर चव यावी तशी, अर्धवट. त्या गाडीतल्या बाईचा मी पाच दिवसांत एकदाही विचार केलेला नव्हता. डाव्या लेनमधल्या अकरा मिनिटांच्या शून्याचा केला होता. ते शून्य सरासरीत धरायचं की गाळायचं, यावर मी बुधवारी दीड पान टिपण काढलं होतं. गाळण्याच्या बाजूने तीन कारणं, धरण्याच्या बाजूने दोन. टिपण चांगलं होतं. त्यात पपांचं नाव नव्हतं, बाईचं नव्हतं; "बाह्य अडथळा" असं लिहिलं होतं. आता माझ्यापुढे मंगळवारी दुपारी बारापर्यंतचा वेळ होता. त्यानंतर चित्रण पुसलं जाणार आणि तिच्या बाजूने बोलणारं काहीच उरणार नव्हतं.

सोमवारी सकाळी मी टेरहोर्स्टबाईंकडे गेले. त्या आमच्या गटाच्या प्रमुख. खिडकीत उभ्या राहून त्या उकडलेलं अंडं खात होत्या. खोलीभर वास होता.

"कुणी अधिकृतपणे मागितलंय का चित्रण?" त्यांनी विचारलं.

"नाही. आहे हे कुणाला माहीतच नाही."

"मग नियमाप्रमाणे उद्या पुसलं जाईल. तुमची चूक नाही त्यात काही." त्यांनी अंड्याचं टरफल कागदात गुंडाळलं. "पोलिसांना तुम्ही आपण होऊन सांगितलंत, तर ते पत्र पाठवतील आणि मी ते जपून ठेवीन. पण पाट्या तर दिसत नाहीत. ती गाडी कुणाची हे कोण सांगणार?"

"मी. माझ्या वडिलांची आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग, बहुधा काय करावं ते न सुचून, कागदातलं टरफल परत उघडून पाहिलं. "तुम्हाला साक्ष नाकारता येते हं," त्या म्हणाल्या. "वडिलांविरुद्ध कुणी जबरदस्ती करू शकत नाही. कायद्यानेच सोय केलेली आहे."

मला ते माहीत होतं. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची सोय केलेली आहे. ती सोय म्हणजे मऊ उशी होती आणि तिच्यावर डोकं टेकायला मला फार आवडलं असतं. त्याऐवजी मी कॉरिडॉरमध्ये जाऊन त्या कंपनीला फोन लावला. मला काय बोलायचं होतं कुणास ठाऊक. व्रोबेलबाई ऑफिसातच होत्या. त्यांना आता तिथेच बसवलं होतं.

"मी त्या मंगळवारी पुलावर होते," मी म्हणाले. "वाहनं मोजत."

"कुठल्या मंगळवारी? अच्छा, त्या." मागे खोके सरकवल्याचा आवाज. "मग पाहिलंत तुम्ही त्या म्हाताऱ्याला?"

"हो."

"आडवा चालला होता ना? रेषेवर?"

"हो."

"देवा रे. मला वाटायला लागलं होतं मीच वेडी. साहेब म्हणतात, इलोना, एवढा वयस्क माणूस कशाला खोटं बोलेल. बोट दाखवलं ते खरंय, ते मी कबूल करते. पुन्हा भेटला तर पुन्हा दाखवीन. सात पन्नासला माझी इन्सुलिनची म्हातारी असते, आठ दहाला पायाच्या पट्ट्यांचे आजोबा. आता दुसरी कुणी जाते. आजोबांना ती आवडत नाही, म्हणे तिचे हात थंड. मी इथे हातमोज्यांची खोकी मोजते." मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "थांबा. तुम्ही पाहिलंत म्हणता. सहा दिवस झाले. इतके दिवस कुठे होतात?"

मी म्हणाले की उद्या सकाळी आठ वाजता मी पोलिसांकडे जाणार आहे. हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला ते ठाऊक नव्हतं.

"तुमचं नाव काय?"

मी नाव सांगितलं. फक्त टाबेआ. आडनाव न सांगता मी फोन ठेवला. मग बराच वेळ हात धुतले. मग पोलिसांना फोन करून वेळ घेतली, टेरहोर्स्टबाईंना कळवलं, आणि संगणकापुढे बसले.

पपांचं म्हणणं होतं की आपण आपल्या जागी होतो आणि ती बाई जिथे जागा नव्हती तिथे घुसली. म्हणजे प्रश्न जागेचा होता. ती गाडी डावीकडे कलली तेव्हा, तिचा डावा आरसा आणि कठडा यांच्यामध्ये कमीतकमी किती अंतर उरलं? हे मोजता येतं. तुटक रेषेचा प्रत्येक तुकडा सहा मीटर असतो, मधली मोकळी जागा बारा. लेनची रुंदी ठरलेली. रस्ता बंद होता त्या रात्री कामगारांबरोबर जाऊन मी ती सगळी मापं टेपने स्वतः घेतली होती. मी चित्र एकेक करून पुढे सरकवत गेले. सेकंदाची पंचवीस चित्रं. पपांची गाडी खांदा पुढे करत होती, मी तिला मागे घेत होते, पुन्हा पुढे करत होते. कलण्याआधी जागा होती तीन मीटर एकतीस सेंटिमीटर. पांढरी गाडी आरामात गेली असती. मग एकशे दहा चित्रांत, साडेचार सेकंदांच्या आत, ती जागा मिटली. हात थरथरला म्हणावं, झोप लागली म्हणावं, तर तसं एकशे दहा चित्रं सरळ रेषेत होत नाही. आणि ब्रेक कलण्याच्या आधी नाही, नंतर. टप, टप, टप. मी कमीतकमी अंतर काढलं, त्यातली चूक काढली, मग ती चूक कमी करण्यासाठी दुसऱ्या पद्धतीने काढलं. दीड तास गेला. एका क्षणी मी घड्याळ पाहिलं आणि जाणवलं की मी गुणगुणत होते.

साडेपाचला मी घरी गेले. मला त्यांना आधी सांगायचं होतं. त्यात काही थोरपणा नव्हता. कुणाच्या पाठीमागे तक्रार करण्याची जी पद्धत त्या घरात होती ती मला नको होती, एवढंच. आई दाराशी आली, माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता स्वयंपाकघरात गेली. पपा जेवणाच्या टेबलाशी पाव, लिव्हरचं सॉसेज आणि काकडीचं लोणचं घेऊन बसले होते. सॉसेजचा तो राखाडी गुळगुळीत थर ते पावाच्या कडेपर्यंत नेतात, एक मिलिमीटर उघडा राहू देत नाहीत. लहानपणापासून मला ते बघवत नाही.

"उद्या आठला मी पोलिसांकडे जातेय," मी म्हणाले. "मी त्या दिवशी पुलावर होते. तुम्ही चित्रणात आहात."

ते चावत राहिले. चावून झाल्यावर म्हणाले, "पाटी दिसत नाही त्यात. तूच सांगितलं होतंस."

"लाल फडकं दिसतं. आणि मी सांगणार आहे."

"आपल्या बापाविरुद्ध."

"हो."

"त्या बोट दाखवणाऱ्या बाईसाठी."

"तिचा परवाना जाईल, पपा. तिने काही केलेलं नाही. तुम्ही तिला कठड्याला चेपलंत."

"चेपलं?" आता आवाज चढला. "शब्द जपून वापर. मी दोन हात अंतर राखून होतो. उलट तिनेच जागा नसताना—"

"जागा होती. तुम्ही नंतर काढून घेतलीत. मी मोजलंय."

ते थांबले. सुरी पावावरच राहिली. मला वाटलं आता ते ओरडतील, किंवा दार दाखवतील, किंवा गप्प होतील आणि ते गप्प होणं ख्रिसमसपर्यंत चालेल. तिन्हींची माझी तयारी होती. त्यांनी विचारलं, "कमी-जास्त किती?"

"काय?"

"मोजलंस म्हणतेस. चूक किती धरलीस?"

"नऊ सेंटिमीटर."

"नऊ!" त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख उमटलं. "एवढ्याशा अंतरात नऊ? दाखव."

मी लॅपटॉप उघडला. त्यांनी वाचायचा चष्मा लावला, बशी बाजूला सारली, आणि पडद्यावर बोट टेकवलं, कठडा कुठे, हा का, आणि तिथे सॉसेजचा एक धुरकट ठसा उमटला, त्यांच्याच गाडीच्या छतावर. रेषेचे तुकडे कुणी मोजले? मी. टेप कुठली? पोलादी, पन्नास मीटरची. तपासलेली? हो, मार्चमध्ये. तापमान? मी सांगितलं. भिंगाच्या कडेला चित्र वाकतं ते धरलंस का? धरलं, पण ढोबळ. "ढोबळ," ते म्हणाले, "तिथेच तुझे सेंटिमीटर गळताहेत," आणि उठून कपाटातून पोलादी पट्टी, भिंग आणि आखलेले कागद घेऊन आले. ते मोजायला लागले. कठड्याच्या खांबांतलं अंतर त्यांना तोंडपाठ होतं. ते मी वापरलंच नव्हतं. तासभर त्यांनी मान वर केली नाही. मधेच ते एक छोटा समाधानाचा आवाज करायचे, नाकातून, आणि तो मी ओळखत होते, दुपारी माझ्याही नाकातून तोच निघाला होता. पडद्यावर ती पांढरी गाडी पुन्हा पुन्हा कठड्याकडे जात होती, आरसा दुमडत होता, खिडकीतून तीन ठिपक्यांचा फिकट हात निघत होता, आणि पपा म्हणत होते, "मागे घे. अजून एक. थांब, इथे. ही बाई मध्येमध्ये येतेय." आई दारात उभी होती, हातात कोरडा टॉवेल. तिचे डोळे उघडे होते.

"एकहार्ट," ती म्हणाली, "उद्या मी पण जाते हिच्याबरोबर. माझी सही मागे घ्यायला."

"हं," ते म्हणाले. त्यांनी तिला ऐकलं नव्हतं. ते भागाकार करत होते.

शेवटी त्यांनी उत्तराखाली दुहेरी रेघ मारली, तारीख घातली, जुन्या सवयीने पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला, हुद्द्याआधी "निवृत्त" असं बारीक जोडलं, आणि कागद माझ्याकडे सरकवला. कागदाच्या कोपऱ्याला सॉसेजचं बोट लागलेलं होतं.

"हे पण दे त्यांना," ते म्हणाले. "तुझ्यापेक्षा अचूक आहे."

मी कागद वाचला. पपांच्या गाडीचा डावा आरसा ते कठडा, कलल्यावरचं कमीतकमी अंतर: एक मीटर बासष्ट सेंटिमीटर, कमी-जास्त चार. पांढऱ्या गाडीची रुंदी, आरशांसह: एक मीटर एक्क्याण्णव.